कशावरून?

त्या शाळेत ‘कशावरून?’ हा प्रश्न नव्हताच, ती शिक्षा होती. मुलाने उत्तर दिलं आणि बाई म्हणाल्या ‘कशावरून?’ की मुलाने ओळखावं, आपलं चुकलं. बरोबर उत्तराला कोणी कशावरून विचारत नसे. बरोबर उत्तराला ‘हं, बस खाली’ म्हणायची पद्धत होती. ही पद्धत शाळेतून घरोघरी गेली होती की घराघरांतून शाळेत आली होती, देव जाणे. मोठ्यांनी लहानांना विचारलं तर तो संशय आणि लहानांनी मोठ्यांना विचारलं तर तो उद्धटपणा, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि नेमका हाच शब्द घेऊन निकषबाई शाळेत आल्या.

निकषबाई हे शाळेने ठेवलेलं नाव. खरं पद होतं ‘वाचन व गणित मार्गदर्शक’. वरच्या कचेरीने या दोन विषयांचे नवे निकष काढले होते, म्हणजे कोणत्या इयत्तेतल्या मुलाला काय काय यायला हवं, ते. निकष काढणं सोपं असतं. ते शिक्षकांच्या गळी उतरवायला माणूस लागतो. म्हणून वर्गात बरं शिकवणाऱ्या काही जणांना उचलून मार्गदर्शक केलं होतं, त्यातल्या या एक. दर आठवड्याला शाळेत यायचं, मागच्या बाकावर बसून तास पाहायचा आणि शेवटी गोड आवाजात म्हणायचं, ‘छान झालं. फक्त एक करून बघा.’ त्या ‘फक्त एक’मध्ये समोरच्याचा शिकवण्यातला सगळा जन्म उलटापालटा व्हायचा, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवशी सगळे शिक्षक हॉलमध्ये जमले होते. निकषबाई म्हणाल्या, “घाबरू नका. सगळ्या निकषांचं सार एका शब्दात आहे. वाचनात मूल म्हणालं, राजा कंजूष होता. विचारायचं, कशावरून? मग त्याने धड्यातली ओळ दाखवायची. गणितात मूल म्हणालं, बारा. विचारायचं, कशावरून? मग बारा कसे आले ते त्याने सांगायचं. आणि मुख्य म्हणजे, उत्तर बरोबर असलं तरी विचारायचं.”

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

“बरोबर असलं तरी?” चौथीचे गुरुजी म्हणाले. “मग चुकल्यावर काय विचारायचं?”

“तेच.”

“मग आपलं चुकलं हे पोराला कळणार कसं?”

“कारण सांगता सांगता त्याचं त्यालाच कळेल.”

“त्याचं त्यालाच कळणार असेल, तर आम्हाला पगार कशाचा?”

“बरोबर आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. ते निकषबाईंना म्हणाले की गुरुजींना, हे कोणालाच कळलं नाही. त्यांचं तसंच असायचं. भांडणाऱ्या दोन पालकांनाही ते एकाच दमात ‘बरोबर आहे’ म्हणत आणि दोघांना समाधानाने घरी पाठवत. सगळी शाळा त्यांना बरोबरसर म्हणायची.

पुढच्या रांगेत एक बाई मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारणीला, पण हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं, “बरोबर उत्तरावर संशय घ्यायचा म्हणे. उद्या मूल म्हणेल, तुम्ही बाई आहात हे कशावरून?”

हॉल हसला. निकषबाईंचे कान तापले, पण त्या काही बोलू शकल्या नाहीत. कारण त्या बाई म्हणजे दुसरीच्या वर्गशिक्षिका आणि निकषबाईंची सख्खी थोरली नणंद. बाकीच्यांच्या त्या मोठ्या बाई, निकषबाईंच्या ताई.

ताईंनी लग्न केलं नव्हतं. ‘दर वर्षी चाळीस पोरं आयती मिळतात, वर त्यांना मीच मोठं करते आणि पुढच्या वर्गात लोकांच्या गळ्यात मारते, अजून काय पाहिजे?’ असं त्या म्हणत. भावाच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायच्या आणि जेवायला खाली यायच्या. भावजय लग्न होऊन घरात आली तेव्हा तीही शिक्षिकाच होती. पहिल्याच महिन्यात, पानावर बसल्या बसल्या ताई म्हणाल्या होत्या, ‘हिला वर्ग सांभाळता यायचा नाही.’ ना तिचा वर्ग पाहिलेला, ना शिकवणं ऐकलेलं. पण थोरल्या नणंदेला ‘कशावरून म्हणता?’ असं नव्या सुनेने विचारायची सोय नव्हती. ते वाक्य निकषबाईंच्या घशात काट्यासारखं अडकलं ते अडकलंच. पुढे मार्गदर्शक म्हणून निवड झाल्याचं त्यांनी हौसेने सांगितलं, तेव्हा ताई म्हणाल्या, ‘हो, वर्ग सांभाळता आला नाही की मार्गदर्शकच करतात.’

आता याच ताईंना निकष शिकवायचे होते. आणि ते नुसतं शिकवून भागणार नव्हतं. ज्या साहेबांनी निकष लिहिले ते सत्राच्या शेवटी स्वतः येऊन दुसरीचा वर्ग तपासणार होते. ज्या वर्गात निकष उतरलेले दिसणार नाहीत, त्या शिक्षकाकडून वर्ग काढून घ्यायचा आणि त्याला साहित्य भांडारात बसवायचं, असा कचेरीचा हुकूम होता. भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे खडूचे खोके, फाटके नकाशे आणि एक मोडका सांगाडा होता. सांगाड्याला पूर्वी मुलं भ्यायची. आता तोच मुलांना भ्यालेला दिसे.

“खडूंना पाढे शिकवीन,” ताई हुकूम वाचून म्हणाल्या. “ते निदान कशावरून विचारणार नाहीत.”

पहिल्याच तासाला फजिती झाली.

ताईंनी एका मुलाला उभं केलं. गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा, कोणालाही नाराज न करणारा पोरगा. “सात आणि पाच किती?”

“बारा.”

ताईंनी मागच्या बाकाकडे एक कटाक्ष टाकला, घसा खाकरला आणि नव्या निकषांप्रमाणे विचारलं, “कशावरून?”

पोराचा चेहरा पडला. “तेरा?”

“कशावरून?”

“चौदा?”

“अरे, कशावरून?”

“पंधरा,” पोरगा रडवेला होऊन म्हणाला. मग बाकीच्या वर्गाला त्याची दया आली. खिडकीजवळून कोणीतरी सोळा म्हणालं, मागून अठराचा आवाज आला, आणि एका मुलीने उभं राहून ‘बाई, वीस!’ असं ठणकावून सांगितलं. ताईंनी फळ्यावर डस्टर आपटला तेव्हा आकडा पंचवीसवर होता. शिक्षकांच्या खोलीत ही बातमी पोचली आणि त्या दिवसापासून त्या पोराचं नाव लिलावशेठ पडलं.

“छान झालं,” निकषबाई मधल्या सुट्टीत म्हणाल्या. “फक्त एक...”

“छान कुठे झालं?” ताई म्हणाल्या. “बाराचं पंचवीस झालं. तुझे निकष येण्याआधी माझ्या वर्गात सात आणि पाच बाराच व्हायचे.”

“ताई, त्याला वाटलं आपलं चुकलं. बरोबर उत्तरालाही विचारायची सवय झाली की भीती जाईल. आणि विचारल्यावर थोडं गप्प राहा. मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो.”

“किती गप्प?”

“मनात काहीतरी मोजा.”

गप्प राहणं हा ताईंच्या स्वभावातला भाग नव्हता. पण खिडकीला सात गज होते, ते त्यांनी मोजायला घेतले. पहिल्या दिवशी तिसऱ्या गजाशीच त्यांचं तोंड उघडलं. आठवडाभराने पाचव्यापर्यंत मजल गेली.

घरी जेवताना ताई भावाला म्हणाल्या, “तुझ्या बायकोने आज माझ्या वर्गात लिलाव लावला.”

“कितीला गेला?” त्याने विचारलं. त्याचं औषधांचं दुकान होतं आणि दोन्ही बायकांच्या डोकेदुखीच्या गोळ्या तोच पुरवायचा. बायको रागावली की तो ‘ताईचं मनावर घेऊ नकोस’ म्हणे, बहीण रागावली की ‘तिचं मनावर घेऊ नकोस’ म्हणे. स्वतःचं मन त्याने यात कुठे ठेवलं होतं ते त्यालाच माहीत.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ताई लगेच वर गेल्या नाहीत. ओट्यापाशी उभ्या राहून भांडी पुसत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “काय गं, त्या जिन्याखालच्या खोलीत ऊन येतं का?”

“नाही, ताई.”

“वाटलंच.” एक पातेलं त्यांनी दोनदा पुसलं. “मला तो शब्दच नीट काढता येत नाही बघ. आमचे वडील कशावरून म्हणाले की मागोमाग पाठीत धपाटा यायचा. मी पोरांना विचारते तेव्हा माझ्याच पाठीला आठवतं. आवाज चढतो. पोरं प्रश्न ऐकतच नाहीत, तो आवाज ऐकतात.”

इतकी वर्षं निकषबाईंनी या बाईवर मनातल्या मनात जो राग जपला होता, तो त्या दिवशी नीट धरताच येईना. दुसरीचा वर्ग ताईंच्या हातून गेला, तर या घरात संध्याकाळी जेवायला कोण खाली येईल आणि कोणत्या तोंडाने, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. ताईंना भांडारात पाठवायचं नाही, एवढं त्यांनी तिथेच ठरवलं.

पण उपाय ताईंनीच काढला. पुढच्या आठवड्यात निकषबाई वर्गात शिरल्या तर बाक भिंतींना लावलेले आणि फरशीवर खडूने या टोकापासून त्या टोकापर्यंत संख्यारेषा काढलेली. लिलावशेठ सातावर उभा होता.

“पाच उड्या मार,” ताई म्हणाल्या. तो धप धप करत निघाला. “कुठे आलास?”

“बारावर!”

“कशावरून आलास?”

“सातावरून!” पोरगा छाती काढून ओरडला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांना उड्या मारायच्या होत्या आणि सगळ्यांना आपल्याला कशावरून विचारलं जावं असं वाटत होतं. तासाच्या शेवटी ताईंचा आवाज उतरला होता आणि तो शब्द त्यांच्या तोंडून, ‘काय रे, जेवलास का?’ म्हणावं इतक्या सहज निघत होता.

निकषबाई खूश झाल्या आणि घाबरल्याही. “ताई, पण हा कशावरून वेगळा आहे. हा म्हणजे कुठून. आपल्याला पुराव्याचा हवाय.”

“शब्द तोच आहे ना? आधी भीती जाऊ दे. अर्थ येईल मागून, त्याला घर माहीत आहे.”

अर्थ मागून आला, पण वर्गात थांबला नाही. तो मुलांच्या दप्तरांत बसून घरोघरी गेला. ‘जेव, गार होतंय’ म्हटलं की पोरं ताटाला हात लावून ‘कशावरून?’ म्हणू लागली. एका बापाने ‘मी तुझ्याएवढा होतो तेव्हा पहिला यायचो’ असं सांगितलं आणि पुरावा म्हणून त्याला पोटमाळा उपसावा लागला. त्यात जे प्रगतिपुस्तक सापडलं ते त्याने घाईघाईने परत माळ्यावर टाकलं. शेवटी एक आई शाळेत येऊन थडकली. दोन वेण्या घालणारी, दिवसभर चिवचिव करणारी एक मुलगी ताईंच्या वर्गात होती, तिला सगळे चिमणी म्हणत. ही तिची आई.

“मी म्हटलं, ऐक माझं, मी तुझी आई आहे,” ती बरोबरसरांना म्हणाली. “तर म्हणते, कशावरून? आता काय दाखवू मी?”

“बरोबर आहे,” बरोबरसर म्हणाले.

“काय बरोबर आहे?”

“म्हणजे, तुम्ही आई आहात, हे बरोबर आहे.”

“कशावरून?” दाराआडून चिमणी म्हणाली. बरोबरसरांनी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर न देता पाणी प्यायलं.

याच चिमणीने एक दिवस ताईंनाही गाठलं. ताई म्हणत होत्या, “खिडकीबाहेर बघू नका, बाहेर बघितलं की पाढे विसरतात.” चिमणी उठली आणि तिने विचारलं, “कशावरून?”

“गप्प बस,” ताई म्हणाल्या. “मोठ्यांना असं विचारत नाहीत.”

चिमणी बसली. तास संपल्यावर निकषबाई जवळ आल्या. “छान झालं. फक्त एक...”

“कळलं मला. पण ते माझ्याच्याने व्हायचं नाही. मुलांना मी विचारीन, मला मुलांनी विचारायचं नाही. आणि तुझ्या पुस्तकात ते तिसरीला आहे. ‘मूल मोठ्यांच्या विधानालाही कारण मागते.’ मी वाचलंय. मी दुसरीची बाई आहे.”

ताईंनी निकषांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, हेच निकषबाईंना नवीन होतं. विचारलं असतं तर ताईंनी ते कधी कबूल केलं नसतं.

साहेब आले ते वेळेच्या आधी. बारीक, गोरेपान, बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि माणूस पुढे वाकला की तो आपोआप नम्र दिसे. ते दुसरीच्या छोट्या बाकावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. शेजारी निकषबाई. दारात बरोबरसर, मान डोलवायच्या तयारीत.

गणित झकास झालं. चिमणीने नऊ आणि सहा पंधरा कसे हे, नवाला सहातला एक देऊन आधी दहा केले, असं सांगितलं. साहेबांनी काहीतरी टिपलं. निकषबाईंचा जीव भांड्यात पडला, पण घाईच झाली म्हणायची, कारण अजून वाचन उरलं होतं.

फळ्यावर ताईंनी चार ओळी लिहिल्या होत्या. ‘मांजर कपाटावर बसलं होतं. दाराची कडी जोरात वाजली. मांजराने कपाटावरून उडी मारली. ते पलंगाखाली जाऊन बसलं.’ मुलांनी त्या वाचल्या. ताई पहिला प्रश्न विचारणार, इतक्यात साहेबांनी हात वर केला.

“मी विचारू?” त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि बरोब्बर लिलावशेठला उभं केलं. “बाळ, मांजराला कसं वाटलं असेल?”

लिलावशेठने विचार केला. “भीती वाटली.”

“हं. कशावरून?”

ताईंनी सवयीने खिडकीकडे पाहिलं.

“कपाटावरून...” लिलावशेठ म्हणाला.

साहेब हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. ते निकषबाईंकडे वळले आणि हळू आवाजात, पण आता सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, “मी पुरावा विचारतोय, हा जागा सांगतोय. या वर्गाला प्रश्नच कळलेला नाही.” आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

निकषबाईंच्या डोळ्यांपुढे जिन्याखालची खोली आली. फरशीवरच्या उड्या आठवल्या. सातावरून, बारावरून. ‘हा कशावरून वेगळा आहे,’ असं आपण म्हटलं होतं आणि मग टाळ्या ऐकून गप्प बसलो, हेही आठवलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण बोलणार काय? सख्खी नणंद. जे बोलावं ते घरच्या माणसाची तरफदारी ठरलं असतं.

“कशावरून?”

हा आवाज बारीक होता आणि तिसऱ्या बाकावरून आला होता. चिमणी उभी होती.

“काय?” साहेब म्हणाले.

“आम्हाला प्रश्न कळला नाही, हे कशावरून?”

साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “अगं, एकाचं उत्तर ऐकलं ना मी. शितावरून भाताची परीक्षा.”

चिमणीने लिलावशेठकडे नीट पाहिलं. “तो भात नाहीये,” ती म्हणाली. “तो हळू बोलतो.”

दारातून बरोबरसर ताईंना खुणा करू लागले. आधी ओठांवर बोट, मग चिमणीकडे बोट, मग पुन्हा ओठांवर. सगळा वर्ग ताईंकडे बघत होता. ‘गप्प बस, मोठ्यांना असं विचारत नाहीत’ हे वाक्य ताईंच्या जिभेवर जन्मापासून तयार होतं आणि आज ते म्हटलं असतं तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती, उलट साहेबही सुखावले असते. निकषबाईंनी मान खाली घातली.

ताईंनी पदर खोचला.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “तिने विचारलंय. आम्ही या वर्गात विचारल्यावर उत्तर देतो.”

“अहो बाई...”

“आणि आम्ही विचारल्यावर थांबतो पण. त्या खिडकीला सात गज आहेत. मी रोज मोजते. तुम्ही दुसऱ्याच गजाला बोललात.”

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांनी नकळत गज मोजले, हे सगळ्यांना दिसलं, कारण त्यांचे ओठ हलत होते. ते सातव्या गजापाशी पोचले तेव्हा लिलावशेठ, जो एवढा वेळ उभाच होता आणि आपलं वाक्य सांभाळून होता, पुढे म्हणाला, “...कपाटावरून उडी मारून ते पलंगाखाली गेलं ना, त्यावरून. भीती वाटल्याशिवाय पलंगाखाली कोण जाईल? तिथे धूळ असते. मी गेलोय.”

पहिल्यांदा चिमणी हसली, मग वर्ग हसला, आणि साहेबांच्या तोंडाचा एक कोपरा, त्यांची इच्छा नसावी, पण हलला. तरी हार मानणं सोपं नसतं, त्यातून आपणच लिहिलेल्या निकषांसमोर. ते निकषबाईंना म्हणाले, “बरं. याचं उत्तर झालं. पण ती मुलगी मोठ्या माणसाला उलट विचारते, हे?”

आता मात्र निकषबाईंना शब्द सापडले. घरातलं नातं बाजूला राहिलं, कारण बोलायला पुस्तक हाताशी होतं. “साहेब, ‘मूल मोठ्यांच्या विधानालाही कारण मागते.’ तुम्हीच लिहिलंय. फक्त तो निकष तिसरीचा आहे. या वर्गाने तो दुसरीतच पुरा केला, एवढीच चूक झाली.”

“बरोबर आहे!” दारातून बरोबरसर म्हणाले, आणि या वेळी ते कोणाला म्हणाले याबद्दल कोणाच्या मनात शंका राहिली नाही.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि दुसरीचा वर्ग मोठ्या बाईंकडेच ठेवावा, असं लिहिलं. नंतर कार्यालयात चहा घेताना बरोबरसर त्यांना म्हणाले, “तपासणी छान झाली, साहेब.” साहेब कपात बघत होते. ते आपल्याच नादात म्हणाले, “कशावरून?” आणि मग स्वतःच दचकले.

संध्याकाळी जेवणावर भावाने ताईंना दोनदा विचारलं, काय झालं तपासणीत, तर “झाली” एवढंच. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने भाजी वाढली. त्याने सवयीप्रमाणे दोघींसाठी खिशात गोळ्या आणल्या होत्या, पण कोणाचंच डोकं दुखत नव्हतं.

ताटं उचलली गेली. ताई जिन्याकडे निघाल्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबल्या. कठड्याला धरून, मागे न वळता, वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, “वर्ग सांभाळता येतो तुला.”

निकषबाईंच्या हातात ताटांची चळत होती. इतक्या वर्षांत कितीदा त्यांनी हे वाक्य ऐकल्याची कल्पना केली होती. आपण काय म्हणू, कसं म्हणू, हेही पाठ करून ठेवलं होतं. पण ऐन वेळी तोंडून निघालं ते एवढंच, आणि तेही इतकं हळू, की नव्या सुनेने पहिल्या महिन्यात जेवढ्या आवाजात विचारलं असतं तेवढंच.

“कशावरून?”

निकषबाई थांबल्या. जिन्याच्या कठड्याला उभ्या पट्ट्या होत्या, त्या त्यांनी मोजायला घेतल्या. एक, दोन, तीन. ताई चष्मा पुसत होत्या. चार, पाच. घाई करायची नाही. सहा.

“माझ्यावरून,” ताई म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.